हिंसक गेम, अल्पवयीन मुलं आणि कोर्टात तपासलं गेलेलं विज्ञान

इंग्रजीतला एक शब्द अर्धवट लिहून दिलाय, एकच अक्षर गाळलंय. तिथे एक अक्षर टाकलं की होतं 'एक्सप्लोड' म्हणजे स्फोट होणं, दुसरं टाकलं की 'एक्सप्लोर' म्हणजे नवीन काही धुंडाळणं. मारधाडीचा गेम नुकताच खेळून उठलेली मुलं यातलं स्फोटवालं अक्षर भरण्याची शक्यता जास्त, असं एका अभ्यासात दिसलं होतं. आणि हा अभ्यास २०११ मध्ये थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात तळटीप म्हणून आला, कारण प्रश्नच तसा होता: हिंसक गेम मुलांना विकायला सरकारने बंदी घालावी इतका पुरावा विज्ञानाकडे आहे का?

झालं असं की कॅलिफोर्निया राज्याने २००५ मध्ये कायदा केला. १८ वर्षांखालच्या मुलांना हिंसक गेम विकायचे नाहीत, भाड्यानेही द्यायचे नाहीत, पॅकवर मोठा १८ आकडा छापायचा आणि नियम मोडला तर १,००० डॉलरपर्यंत दंड. सही केली गव्हर्नर अरनॉल्ड श्वार्झनेगर यांनी. गेम कंपन्यांच्या आणि विक्रेत्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, कायदा लागू व्हायच्या आधीच त्याला स्थगिती मिळाली आणि शेवटी जून २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ मतांनी तो रद्द ठरवला. जस्टिस स्कालिया यांनी बहुमताचा निकाल लिहिला. पुस्तकं, नाटकं, सिनेमे यांच्यासारखाच गेम हाही अभिव्यक्तीचा प्रकार आहे, मुलांच्या परीकथांमध्येही भरपूर रक्तपात असतो, त्यामुळे बंदी हवी असेल तर गेममुळेच नुकसान होतं हे सरकारने दाखवावं, असा त्यांचा रोख होता.

आणि इथेच राज्याची बाजू लंगडी पडली. राज्याने मुख्यतः मानसशास्त्रज्ञ क्रेग अँडरसन आणि इतर काही जणांच्या अभ्यासांचा आधार घेतला होता. कोर्टाने म्हटलं की यात बहुतेक ठिकाणी फक्त सहसंबंध दिसतो, म्हणजे दोन गोष्टी एकत्र आढळतात इतकंच, एकीमुळे दुसरी होते हे दिसत नाही. शिवाय जो परिणाम दिसतो तो छोटा आहे. खुद्द अँडरसन यांनी अशाच दुसऱ्या एका खटल्यात सांगितलं होतं की हा परिणाम साधारण टीव्हीवरच्या हिंसेइतकाच असतो, आणि बग्ज बनीची कार्टून बघितली किंवा सोनिक हा सगळ्या वयांसाठीचा गेम खेळला तरी तसाच परिणाम दिसतो. मग बंदी फक्त काही गेमवर आणि कार्टूनवर नाही, हे कसं?

आता कोर्ट बाजूला ठेवू, कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की प्रयोगशाळेत 'आक्रमकता' म्हणून नेमकं काय मोजतात. मुलांना खरोखर मारामारी करायला लावता येत नाही, लावूही नये, म्हणून संशोधकांनी पर्यायी मोजमापं शोधली. सगळ्यात जास्त वापरलेली म्हणजे आवाजाची चाचणी. पंधरा-वीस मिनिटं गेम खेळायचा, मग दुसऱ्या खोलीत कोणीतरी आहे असं समजून त्याच्याशी स्पर्धा करायची आणि जिंकलात की त्याच्या कानात कर्कश आवाज सोडायचा, किती मोठा आणि किती वेळ ते तुम्ही ठरवायचं. आवाज जितका मोठा तितके तुम्ही आक्रमक. पण यात आवाजाची पातळी धरायची, की कालावधी, की दोघांचा गुणाकार, पहिली फेरी धरायची की सगळ्यांची सरासरी? जर्मन संशोधक माल्टे एल्सन यांनी जुने पेपर चाळले तेव्हा दिसलं की ही एकच चाचणी शंभराहून जास्त वेगवेगळ्या पद्धतींनी मोजली गेली आहे. म्हणजे तोच डेटा, पण हिशोबाची पद्धत बदलली की कधी परिणाम दिसतो, कधी नाही. याचा अर्थ सगळे खोटं बोलत होते असा अजिबात नाही, पण हवं ते उत्तर नकळत निवडलं जायला इथे भरपूर जागा आहे.

म्हणून २०१९ मध्ये आलेला ऑक्सफर्डचा अभ्यास मला मोलाचा वाटतो. अँड्र्यू शिबिल्स्की आणि नेटा वाइनस्टाइन यांनी ब्रिटनमधल्या १४-१५ वर्षांच्या साधारण १,००० मुलांचा डेटा घेतला, पण त्याआधी काय मोजणार, कसं मोजणार, कुठला निकाल आला तर काय म्हणणार हे सगळं लिहून नोंदवून टाकलं, म्हणजे नंतर बदलायची सोयच नाही. गेम किती हिंसक ते मुलांना विचारलं नाही, अधिकृत रेटिंगवरून घेतलं. मूल किती आक्रमक वागतं ते पालकांना विचारलं. संबंध सापडला नाही.

दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं. २०१८ मध्ये प्रेस्कॉट आणि सहकाऱ्यांनी २४ अभ्यास एकत्र केले, १७,००० पेक्षा जास्त मुलं, आणि सगळे अभ्यास काही काळ त्याच मुलांच्या मागे जाऊन केलेले. हिंसक गेम खेळणाऱ्या मुलांमध्ये पुढे शारीरिक आक्रमकता थोडी वाढलेली दिसली. थोडी म्हणजे किती? बाकीच्या गोष्टी हिशोबात धरल्या की संबंध किती घट्ट ते सांगणारा आकडा (शून्य म्हणजे संबंधच नाही, एक म्हणजे पूर्ण संबंध) ०.०८ च्या आसपास, ढोबळपणे बोलायचं तर मुलामुलांमधल्या आक्रमकतेच्या फरकातला एक टक्काही त्यातून समजत नाही. शून्य नाही, पण मुलगा आहे की मुलगी, घरात मारहाण होते का, मूल आधीपासूनच रागीट आहे का, असल्या गोष्टींपुढे फारच लहान. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या मोठ्या संघटनेनेही २०२० मध्ये स्पष्ट केलं की ओरडणं, ढकलणं असल्या वागण्याशी छोटा संबंध दिसतो, पण खऱ्या हिंसाचाराचं खापर गेमवर फोडण्याइतका पुरावा नाही. मला वाटतं हा फरक बातम्यांमध्ये सतत गायब होतो आणि त्यामुळे पालक नको त्या गोष्टीला घाबरतात आणि घरातला खरा त्रास बघायचा राहून जातो.

बंदी आणि लेबलचा स्वतःचाही परिणाम असतो बरं का. नेदरलँड्समध्ये २००९ च्या एका अभ्यासात ७ ते १७ वर्षांच्या ३१० मुलांना गेमची माहिती दाखवली, काहींवर वयाचं बंधन लिहिलेलं, काहींवर नाही. बंधन लिहिलेले गेम मुलांना जास्त हवेहवेसे वाटले, अगदी लहान मुलांनाही.

मग काहीच करू नये का? तर तसंही नाही. अमेरिकेत १९९४ पासून गेम उद्योगाचीच रेटिंग पद्धत आहे, सरकारी नाही, त्यात १७ वर्षं आणि त्यापुढच्यांसाठी 'एम' हे रेटिंग. व्यापारावर देखरेख ठेवणारा तिथला सरकारी आयोग १३ ते १६ वर्षांच्या मुलांना एकटं दुकानात पाठवून बघायचा की मिळतंय का. २००० मध्ये ८५ टक्के मुलांना एम गेम विकत मिळाला. २०११ मध्ये जाहीर झालेल्या तपासणीत हे प्रमाण १३ टक्क्यांवर आलं होतं, आणि त्याच तपासणीत मोठ्यांसाठीच्या सिनेमाची डीव्हीडी ३८ टक्के मुलांना सहज मिळाली. म्हणजे कायद्याशिवाय काउंटरवरची विक्री बरीच आटोक्यात आली, फक्त दुकानदारांनी वय विचारायला सुरुवात केल्यामुळे आणि कोणीतरी तपासत राहिल्यामुळे.

विरोधी मत लिहिणाऱ्या जस्टिस ब्रेयर यांचा मुद्दा मात्र मला अजून पटतो. १३ वर्षांच्या मुलाला नग्न बाईचं चित्र विकता येत नाही, पण ज्यात तो बाईला बांधून, छळून मारतो असा गेम विकता येतो, ही विसंगती त्यांनी मांडली आणि आपल्या विरोधी मताला अभ्यासांची लांबलचक यादी जोडली. विसंगती खरीच आहे. फक्त ती यादी बघताना प्रत्येक अभ्यासात आक्रमकता म्हणून काय मोजलं हे विचारावं लागतं, आणि बऱ्याचदा उत्तर येतं कर्कश आवाज किंवा गाळलेलं अक्षर. आता तर गेम डाउनलोड होतात, काउंटरही नाही आणि वय विचारणारा माणूसही नाही, त्यामुळे दुकानदारासाठी लिहिलेला तो कायदा टिकला असता तरी आज त्याच्या हातात फारसं काही उरलं नसतं.