आडव्या प्रवाहाला उलट झोत: तिरप्या पंखांवरचा प्लाझ्मा

1952 साली ब्रिटनमधल्या फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये डब्ल्यू. ई. ग्रे मागे झुकलेल्या पंखांच्या उड्डाण-चाचण्या करत होते. पंखावर दिलेल्या लेपात पुढच्या कडेजवळच बारीक, जवळजवळ समांतर रेघा उमटल्या होत्या, आणि पंखालगतचा हवेचा शांत थर अपेक्षेपेक्षा फार लवकर विस्कटत होता. प्रवासी विमानाला उडताना होणाऱ्या विरोधात निम्म्याच्या आसपास वाटा हवेच्या घर्षणाचा असतो, आणि थर विस्कटला की हे घर्षण वाढतं. त्यामुळे या रेघांकडे दुर्लक्ष करणं परवडणारं नव्हतं.

तोवर अभ्यासकांचं लक्ष टोलमिन–श्लिश्टिंग लहरींवर, म्हणजे प्रवाहाच्या दिशेने सरकत वाढणाऱ्या आणि थर विस्कटणाऱ्या लहरींवर होतं. त्यांच्यावरचा उपायही माहीत होता. पंखाचा आकार असा द्यायचा, की हवा पुढे सरकेल तसा दाब घटत जाईल. तिरप्या, म्हणजे मागे झुकलेल्या पंखावर नेमका हाच उपाय अंगलट येतो. तिथे दाब घटण्याची दिशा आणि वाऱ्याची दिशा वेगळी असते. वरची वेगवान हवा किंचित वळून निघून जाते, पण पृष्ठभागालगतच्या संथ हवेला तोच दाब बाजूला ओढून नेतो. हा आडवा प्रवाह पृष्ठभागाशी शून्य, थराच्या माथ्याशीही शून्य आणि मधे फुगीर असतो. वेगाची अशी घडण मुळातच अस्थिर. तिच्यातून एकाच दिशेने फिरणारे भोवरे ओळीने उभे राहतात. ग्रे यांच्या रेघा या भोवऱ्यांच्याच खुणा होत्या.

1963 पासून नॉर्थ्रॉपच्या एक्स-21ए विमानावर पंखातल्या बारीक फटींतून हवा आत शोषून पाहिली. उपाय लागू पडला, पण फटी स्वच्छ ठेवणं जिकिरीचं होतं. 1990च्या दशकात अ‍ॅरिझोनात विल्यम सॅरिक यांनी वेगळी वाट धरली. पुढच्या कडेजवळ काही मायक्रोमीटर उंचीचे ठिपके ठरावीक अंतराने लावले, तर निरुपद्रवी भोवरे जागे होतात आणि घातक भोवऱ्यांना वाढू देत नाहीत. मला ही या विषयातली सर्वात सुंदर कल्पना वाटते. अडचण एकच: लावलेले ठिपके उड्डाणात बदलता येत नाहीत.

प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू, आला तो दुसऱ्याच वाटेने. वेर्नर फॉन सीमेन्स यांनी 1857 मध्ये ओझोन बनवण्यासाठी जी विद्युत-विसर्जनाची रीत वापरली, तिचीच सपाट आवृत्ती टेनेसीत जे. रीस रॉथ यांनी 1990च्या दशकात प्रवाहासाठी वापरली. विद्युतरोधक पट्टीच्या वर एक आणि खाली एक असे दोन पातळ इलेक्ट्रोड, आणि काही हजार व्होल्टचा प्रत्यावर्ती विद्युतदाब. कडेला जांभळट उजेड पसरतो आणि पृष्ठभागालगत सेकंदाला काही मीटर वेगाचा झोत निघतो. हलणारा भाग एकही नाही, आणि कळ दाबताच बंद.

झोत क्षीण असला तरी आडवा प्रवाहही क्षीणच असतो, म्हणून ही जोडी जमते. श्टुटगार्टमध्ये डोर आणि क्लोकर यांनी हे संगणकावर दाखवलं, तर 2018 मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या गटाने पवनबोगद्यात: पुढच्या कडेजवळून आडव्या प्रवाहाच्या उलट दिशेने झोत सोडला आणि विस्कट लांबवली. मात्र विद्युतदाबाची वारंवारता कमी पडली, तर प्लाझ्माची स्वतःची थरथरच प्रवाहात नव्या, सरकत्या लाटा पेरते. वारंवारता इतकी उंच ठेवावी लागते, की थराने तिला दादच देऊ नये.