पाळीच्या आधीचा आठवडा आणि मेंदूतला एक रेणू

आमच्या रामबागेतल्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा एका कार्यशाळेचं पत्रक आलं. विषय होता मासिक पाळीच्या चार टप्प्यांचा आध्यात्मिक अर्थ. चार वर्तुळं, प्रत्येकात चंद्राची एक कला, एक देवी आणि एक ऋतू. स्रावाचे दिवस म्हणजे हिवाळा, मग वसंत, बीज सुटतं तेव्हा उन्हाळा आणि शेवटी पानगळ. कोणत्या पंधरवड्यात जवस नि भोपळ्याच्या बिया खायच्या आणि कोणत्या पंधरवड्यात तीळ नि सूर्यफुलाच्या, तेही खाली दिलं होतं. पत्रकाखाली भराभर जोडलेले हात आणि फुलं जमा झाली.

त्या जोडलेल्या हातांमागची भावना मला कळते. इंदूरच्या मराठी घरांत माझ्या पिढीच्या मुलींनी ‘कावळा शिवला’ म्हटलं की कोपऱ्यातली सतरंजी आणि वेगळी ताटवाटी पाहिलेली आहे. ऋषिपंचमीची कहाणी ऐकतच आम्ही मोठ्या झालो. विटाळात घरभर वावरली म्हणून पुढच्या जन्मी कुत्री झालेली ती ब्राह्मणी, आणि तिच्या पापाचा वाटेकरी म्हणून बैल झालेला तिचा नवरा. ज्याची लाज बाळगायला शिकवलं, त्यालाच आता कुणी पवित्र म्हणत असेल तर बरं वाटणारच.

पण चौथ्या वर्तुळाशी मी थांबले. पाळीच्या आधी येणारा राग, रडू, सगळं नकोसं होणं हे आतल्या शक्तीचं बोलणं आहे आणि त्यावर औषध घेणं म्हणजे तिचं तोंड दाबणं, असा तिथल्या मजकुराचा आशय होता. मी कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवलं आहे. याला उत्तर दिल्याशिवाय मला राहवत नाही, कारण त्या आठवड्यात मेंदूत काय घडतं हे विज्ञानाला आता बरंचसं उलगडलं आहे, आणि ते इतकं देखणं आहे की कुठल्याही वर्तुळात मावू नये.

आधी दिवसांचा हिशेब. अठ्ठावीस दिवसांचं चक्र आणि चौदाव्या दिवशी बीज, हे आपण शाळेत पाठ केलं. २०१९ साली एका मोबाइल ॲपवरच्या सहा लाखांहून जास्त चक्रांच्या नोंदी अभ्यासल्या गेल्या. चक्राची सरासरी निघाली २९.३ दिवस, आणि नेमकी अठ्ठावीस दिवसांची चक्रं होती शंभरात जेमतेम तेरा. बीज सुटण्याआधीचा टप्पा सरासरी १६.९ दिवसांचा, नंतरचा १२.४ दिवसांचा. पाळी पुढे-मागे होते ती मुख्यतः पहिल्या टप्प्यामुळे. परीक्षा, ताप, प्रवास, वजनातला फरक यांनी तो लांबतो किंवा आखडतो. दुसरा टप्पा त्या मानानं बांधलेला असतो.

चंद्राचा महिना २९.५३ दिवसांचा, म्हणून दोन्ही जोडण्याचा मोह होतो. २०२१ साली बावीस स्त्रियांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी तपासल्या तेव्हा काहींची पाळी अधूनमधून चंद्राशी जुळलेली दिसली, मग सुटलेली. वय वाढलं की आणि रात्रीच्या दिव्यांमुळेही ते जुळणं मोडत होतं. त्यावर सगळ्या बायकांचं एकच पंचांग काही मांडता येत नाही. बियांचं म्हणाल तर जवस आणि तीळ पौष्टिक आहेत, ते बारा महिने खावेत. पंधरवडा पाळून खाल्ल्यानं संप्रेरकांचा तोल साधतो याला भरवशाचा पुरावा नाही. आणि ऋतूंचं ते चित्र थंड देशांतून आलेलं आहे; माळव्यात पानं गळतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर. आपल्या आयुर्वेदानं तर चक्राचे तीनच भाग केले होते: रजःकाल, ऋतुकाल आणि ऋतुव्यतीत काल.

आता मला खरं सांगायचं आहे त्याकडे येते. बीजकोशातून बीज सुटलं की मागे उरलेली रिकामी पिशवी वाया जात नाही. तिच्या भिंतीतल्या पेशी फुगतात, त्यांच्यात रक्तवाहिन्या शिरतात आणि दोनेक सेंटिमीटरची एक पिवळी ग्रंथी तयार होते. हा पीतपिंड. पिवळा रंग कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांचा. शरीरातले बाकीचे बहुतेक अवयव जन्मभराचे असतात. हा अवयव दर चक्रात नव्यानं बांधला जातो आणि गर्भ राहिला नाही तर दोन आठवड्यांत मरतो. मागे राहतो एक पांढरा व्रण. जिवंत असेपर्यंत तो दिवसाला पंचवीस ते चाळीस मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन बनवतो. रक्तात एका मिलिलिटरमागे एक नॅनोग्रॅमपेक्षा कमी असलेलं हे संप्रेरक दहा-वीसपर्यंत चढतं. त्याच्यामुळे सकाळी उठल्या उठल्या मोजलेलं तापमान ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसनं वर जातं आणि पाळी येईपर्यंत वरच राहतं.

प्रोजेस्टेरॉन म्हटलं की आपल्याला गर्भाशय आठवतं. पण हा रेणू स्निग्धात विरघळणारा, त्यामुळे मेंदूत सहज शिरतो. तिथे दोन विकरं, म्हणजे एन्झाइम, त्याच्यावर पाठोपाठ काम करतात. पहिलं विकर, ५-अल्फा रिडक्टेज, त्याला हायड्रोजन जोडतं. दुसरं तिसऱ्या कार्बनवरच्या ऑक्सिजनचा हायड्रॉक्सिल गट करून टाकतं. एवढ्याशा फेरफारानं जो रेणू तयार होतो त्याचं नाव ॲलोप्रेग्नॅनोलोन. नाव अवघड आहे, पण लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण आपली ही सगळी गोष्ट त्याचीच आहे.

१९४१ साली हान्स सेलिए यांनी उंदरांना प्रोजेस्टेरॉनचा मोठा डोस दिला, तेव्हा ते उंदीर गुंगीत गेले, भूल दिल्यासारखे. लैंगिक संप्रेरकानं भूल का चढावी, याचं उत्तर मिळायला १९८६ साल उजाडलं. मायेव्स्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की प्रोजेस्टेरॉनपासून बनणारे रेणू मेंदूतल्या गाबा रिसेप्टरवर थेट काम करतात, बार्बिच्युरेट या झोपेच्या औषधांसारखंच.

हा रिसेप्टर म्हणजे चेतापेशीच्या पटलात रुतलेली पाच प्रथिनांची गोल रचना, मधोमध बारीक वाट. गाबा हा मेंदूचा शांत करणारा संदेशक येऊन चिकटला की वाट उघडते, क्लोराइडचे ऋणभारित आयन आत येतात आणि ती पेशी सहजासहजी पेटत नाही. चिंतेवरच्या डायझेपामसारख्या गोळ्या या रचनेच्या बाहेरच्या अंगाला दोन प्रथिनांच्या सांध्यात बसतात. ॲलोप्रेग्नॅनोलोन मात्र पटलात बुडालेल्या भागाला धरतो आणि वाट जास्त वेळ उघडी ठेवतो. पाच प्रथिनंही नेहमी तीच नसतात. अल्फाचे सहा प्रकार, शिवाय बीटा, गॅमा, डेल्टा. ज्यांच्यात डेल्टा असतं ते रिसेप्टर दोन पेशींच्या जोडावर नसून जोडाबाहेर असतात, आसपास पाझरलेल्या थोड्याशा गाबावरही मंद आणि सलग काम करतात, आणि ॲलोप्रेग्नॅनोलोनला सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. म्हणजे बीजकोशातली दोन सेंटिमीटरची ग्रंथी मेंदूच्या पार्श्वभूमीला चालणाऱ्या शांततेची पातळी वरखाली करत असते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते.

मग शांत करणारा रेणू वाढलेला असताना काही बायकांना त्याच दिवसांत चिडचिड, भीती, उदासी का घेरते? एक धागा असा की रिसेप्टर स्वतःच बदलतात. रेणू चढला-उतरला की चेतापेशी आपल्या पाच प्रथिनांची जुळणी बदलतात. १९९८ साली उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं की प्रोजेस्टेरॉन अचानक तोडलं की अल्फा-४ हे प्रथिन वाढतं आणि प्राणी बिथरतात. ते वाढू दिलं नाही तर बिथरत नाहीत. दुसरा धागा स्वीडनमधल्या संशोधनाचा: काही जणींत मोठी मात्रा शांत करते, पण मधली मात्रा उलट चिडचिडं करते.

सगळ्यांत बोलका प्रयोग अमेरिकेतला, पीटर श्मिट आणि डेव्हिड रुबिनोव यांच्या गटाचा, तोही १९९८चा. पाळीपूर्व त्रास असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही स्त्रियांचे बीजकोश त्यांनी औषधानं काही महिने शांत ठेवले. त्रास असलेल्यांपैकी बऱ्याच जणींना बरं वाटलं. मग इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन बाहेरून परत दिलं. ज्यांना बरं वाटलं होतं त्यांचा त्रास परतला. ज्यांना मुळात नव्हता त्यांना काहीही झालं नाही. मात्रा तीच, रक्तातली पातळी तीच, अनुभव वेगळा. २०१७ साली याच गटानं दाखवलं की संप्रेरक चढलेल्या पातळीवर स्थिर ठेवलं तर त्रास पहिल्या महिन्यात येतो आणि पुढे ओसरतो. भेरूघाट उतरून निमाडात जाताना कानात दडे बसतात ते उंची बदलते म्हणून. खाली गावात राहणाऱ्यांचे कान काही कायम बसलेले नसतात. या मेंदूंना असाच बदल बोचतो. म्हणूनच या त्रासासाठी रक्तातली संप्रेरकं तपासून घेण्यात पैसे घालवू नयेत. रिपोर्ट बहुधा नॉर्मल येतो आणि मग घरचे म्हणतात, काही नाही, नाटकं आहेत.

यातून एक गोष्ट ठसठशीत दिसते. मनाची ही उलथापालथ स्राव सुरू होण्याच्या आधीच्या दिवसांत होते आणि स्राव सुरू झाला की एक-दोन दिवसांत निवळते. आपल्या रूढीनं बाईला बाजूला बसवलं ते मात्र स्रावाचे चार दिवस. जिच्या मनाला त्रास होतो ती तोवर सावरत असते. आधीच्या आठवड्यात ती पोळ्या लाटत, डबे भरत, बोलणी खात असते. नवं पत्रकही स्रावालाच सगळ्यांत मोठं वर्तुळ देतं. दोघांची नजर रक्तावर खिळलेली, आणि घडतंय ते दुसरीकडे. स्रावाच्या दिवसांचा खरा प्रश्न पोटदुखीचा आहे. अस्तर गळताना प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात, गर्भाशय आवळतं, कळा येतात. त्यासाठी शेकायची पिशवी, विश्रांती आणि वेळेवर वेदनाशामक गोळी लागते.

विटाळाला विज्ञानाचा शालू नेसवण्याचे प्रयत्नही झालेत. १९२० साली व्हिएन्नात बेला शिक या नामवंत डॉक्टरनं पाळीतल्या बाईच्या हातून फुलं कोमेजतात असं म्हणून ‘मेनोटॉक्सिन’ नावाचं विष मांडलं. असं विष कधी सापडलं नाही. लोणच्याला बुरशी येते ती ओल्या चमच्यानं आणि मीठ-तेल कमी पडल्यानं.

उलट बाजूही सांगायला हवी. प्रत्येक बाई पाळीआधी चिडतेच असं अजिबात नाही. २०१२ साली मनःस्थितीवरच्या ४७ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यांपैकी फक्त सातांत फक्त पाळीपूर्व दिवसांतच मन बिघडल्याचं दिसलं. तेव्हा ऑफिसात एखादी ठामपणे बोलली की ‘तारीख आली वाटतं’ म्हणणाऱ्यांनी तोंड सांभाळावं. तीव्र आणि आयुष्य अडवणारा त्रास साधारण शंभरात पाच जणींना होतो. त्याला पीएमडीडी म्हणतात, आणि अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानसूचीत तो २०१३ पासून स्वतंत्र आजार आहे.

निदानाचं साधन फार साधं आहे: रोजची नोंद, किमान दोन चक्रं. पत्रकावरून ग्रुपवर बोलणं झालं, त्यानंतर आमच्याच गल्लीतली एक सून तिची वही घेऊन आली. शाळेची चौरेघी वही, मुलाच्या जुन्या दप्तरातली. डाव्या बाजूला तारखा, मग झोप, राग, रडू, भीती असे रकाने, एक ते सहा आकडे. पहिल्या दोन आठवड्यांत एक, एक, दोन, एक. मग चार, पाच, सहा, सहा. शेजारी बारीक अक्षरात ‘सासूबाईंना उलट बोलले’, ‘भाजी करपली, बाथरूममध्ये रडले’, एका रात्री ‘जगू नये वाटतंय’. खाली लाल पेनानं पाळीची खूण, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा एक. पुढचं पान तसंच. ‘काकू, मला वाटायचं मी बाईच वाईट आहे,’ ती म्हणाली. तिला ती वही तशीच डॉक्टरांपुढे ठेवायला सांगितली. आकड्यांत महिनाभर चढ दिसला असता तर शंका दुसऱ्या आजाराची घ्यावी लागली असती, आणि उपचारही वेगळे झाले असते.

उपचार आहेत. सेरोटोनिनवर काम करणारी नैराश्याची औषधं एरवी परिणाम दाखवायला आठवडे घेतात, पीएमडीडीत ती काही दिवसांतच लागू पडतात. अनेक जणी ती फक्त बीज सुटल्यापासून पाळी येईपर्यंतच घेतात. यातली काही औषधं मेंदूतलं ॲलोप्रेग्नॅनोलोन वाढवतात असं प्रयोगांत दिसलं आहे, आणि या घाईच्या गुणाचं ते एक कारण मानलं जातं. खुद्द हा रेणूही औषध झाला: बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी २०१९ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, साठ तास शिरेतून द्यायचं. बाळंतपणात प्रोजेस्टेरॉन फार मोठ्या उंचीवरून एकदम कोसळतं, त्याच्याशी हे जोडलेलं आहे.

पूजा, जप, मौन, डायरी यांतून ज्यांना त्या दिवसांत आधार मिळतो त्यांनी तो जरूर घ्यावा. माझी आईही जपाची माळ घेऊन बसायची आणि तिला बरं वाटायचं. वहीत मात्र सहा आकडा पडू लागला असेल, मरणाचे विचार येत असतील, तर माळेबरोबर डॉक्टरही हवेत. इंदूरच्या महात्मा गांधी मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभाग आहे, आणि सरकारची टेलिमानस ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते. डॉक्टरांकडे जाताना दोन चक्रांची वही, चालू असलेल्या सगळ्या औषधांची नावं, गर्भनिरोधक गोळ्यासुद्धा, आणि थायरॉइड व हिमोग्लोबिनचे जुने रिपोर्ट सोबत न्यावेत.