‘सॉफ्टवेअर मारावं लागंल’

पॉवरचं बटण दाबल्यापासून स्क्रीनवर कंपनीचा लोगो स्थिरावेपर्यंत जे काही सेकंद जातात, त्यात फोन आपल्यासाठी काहीच करत नसतो. तो स्वतःचीच झडती घेत असतो. सांगली-मिरजेत मोबाईल दुरुस्तीच्या दुकानांत ‘लोगोवर अडकलाय, पुढं जाईना’ अशी तक्रार घेऊन जे फोन येतात, त्यातले बरेच या झडतीत नापास झालेले असतात. दुकानातला पोरगा फोन उलटासुलटा करून बघतो आणि ठरलेलं वाक्य टाकतो, ‘सॉफ्टवेअर मारावं लागंल.’

झडतीची सुरुवात होते ती प्रोसेसरच्या चिपमध्ये कारखान्यातच कोरलेल्या एका छोट्या प्रोग्रामपासून. त्याला बूट रॉम म्हणतात. तो कुणालाच बदलता येत नाही. आपल्याला नाही, दुकानदाराला नाही आणि खुद्द कंपनीलाही नाही. हीच त्याची ताकद, आणि त्यात चूक राहिली तर हीच पंचाईत. २०१९ मध्ये आयफोनच्या बूट रॉममधली एक त्रुटी जाहीर झाली, ‘चेकमेट’ नावानं. आयफोन ४एस पासून आयफोन १० पर्यंतच्या सगळ्या मॉडेलांत ती होती आणि विकलेल्या फोनमध्ये ती दुरुस्त करणं ॲपललाही शक्य नव्हतं.

बूट रॉम स्टोरेजमधून पुढचा प्रोग्राम उचलतो, तो बूटलोडर. पण उचलला की लगेच चालवत नाही, आधी त्यावरची डिजिटल सही तपासतो. सातबारा ऑनलाइन काढणाऱ्यांना ही सही नवी नाही. महाभूमीच्या संकेतस्थळावरून काढलेल्या उताऱ्यावर जी डिजिटल सही असते, तिच्यामागचं गणित हेच. सही करणाऱ्याकडे खासगी किल्ली, तपासणाऱ्याकडे जाहीर किल्ली. उताऱ्यातल्या क्षेत्राचा एखादा आकडा जरी कुणी नंतर बदलला, तरी सही जुळत नाही. फोनमध्ये सही करणारी असते कंपनी, आणि तपासणारा असतो तो चिपमधला न बदलणारा प्रोग्राम.

मग चोरानं जाहीर किल्लीच बदलली तर? त्याचीही सोय केलेली असते. त्या किल्लीचा ठसा, म्हणजे गणितानं काढलेला, मजकूर जरा बदलला तरी बदलणारा छोटा आकडा, चिपमधल्या ई-फ्यूजमध्ये नोंदवलेला असतो. ई-फ्यूज म्हणजे अतिसूक्ष्म वितळतार. कारखान्यात वीज सोडून ती एकदा जाळली की ० चा १ होतो आणि त्या १ चा पुन्हा ० करण्याचा मार्ग उरत नाही.

अशी ही साखळी. बूट रॉम बूटलोडरला तपासतो, बूटलोडर कर्नलला म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याला, कर्नल पुढच्या सिस्टीमला. सिस्टीम मात्र काही जीबींची असते. दर वेळी फोन सुरू करताना ती अख्खी तपासायची म्हटलं तर चहा होऊन जाईल. म्हणून तिचे ४ केबीचे तुकडे पाडतात. २ जीबीच्या सिस्टीमचे असे सव्वापाच लाखांच्या आसपास तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याचा ३२ बाइटांचा ठसा काढायचा, असे १२८ ठसे एका नव्या तुकड्यात बसवायचे, त्याचा पुन्हा ठसा काढायचा, असं वर चढत गेलं की तीन पायऱ्यांत सगळ्याचा मिळून एकच ठसा उरतो. कंपनी सही करते ती त्या एका ठशाच्या भरवशावर. तुकडा वाचायची वेळ येईल तेव्हाच तो तपासला जातो, त्यामुळे वेळ वाया जात नाही. ही पद्धत अँड्रॉइडमध्ये २०१३ च्या ४.४ या आवृत्तीत आली आणि २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून तिची अंमलबजावणी कडक झाली. माझ्या मते अँड्रॉइडमधली सगळ्यात देखणी कल्पना हीच आहे, आणि बहुतेकांना ती भेटते फोन बिघडल्यावरच.

आता दुकानात येऊ. मिरज रस्त्यावरच्या एका दुकानात मी बराच वेळ बाकड्यावर बसून होतो. तासगावकडचे एक बागायतदार लोगोवर अडकलेला फोन घेऊन आले. अपडेट चालू असताना बॅटरी संपली होती.

‘काका, डेटा जाईल बरं का सगळा.’

‘डेटा म्हंजे?’

‘फोटो, नंबर, व्हॉट्सॲप. सगळं.’

‘आरं न्हाय न्हाय. अवकाळीनं झोडपलेल्या बागेचं फोटो हायेत त्यात. पंचनाम्याला लागत्यात.’

पोरगा हुशार होता. फोन मीडियाटेकच्या प्रोसेसरचा. त्यानं लॅपटॉपवर अशा फोनमध्ये सिस्टीम लिहिणारं एसपी फ्लॅश टूल उघडलं आणि त्याच मॉडेलची, त्याच आवृत्तीची फाइल निवडली. पडद्यावर फोनच्या स्टोरेजमधल्या विभागांची यादी आली: प्रीलोडर, बूट, रिकव्हरी, सिस्टीम, व्हेंडर, युजरडेटा. प्रत्येकापुढे टिक. त्यानं युजरडेटाची टिक काढून टाकली. फोन बंद करून केबल लावली, आधी लाल पट्टी सरकली, मग पिवळी, आणि शेवटी हिरवं वर्तुळ आलं. फोन पहिल्यांदा सुरू व्हायला एवढा वेळ लागला की काकांनी दोनदा विचारलं, ‘झालं का रं?’ फोटो जागच्या जागी होते.

या प्रकारात फोनचं कुलूप, म्हणजे कंपनीच्या सहीचीच सिस्टीम चालू द्यायची ही बूटलोडरची अट, उघडलंच नव्हतं, हे इथं लक्षात घ्यायला हवं. फ्लॅशिंग आणि अनलॉकिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची सर्रास गल्लत करतात. फ्लॅश करणं, दुकानातल्या भाषेत ‘सॉफ्टवेअर मारणं’, म्हणजे स्टोरेजच्या ठरावीक विभागात नवा मजकूर लिहिणं. तो मजकूर कंपनीच्याच सहीचा असेल तर झडती सुरळीत पार पडते. यादीतला युजरडेटा सोडून बाकी सगळं कंपनीचं. आपले फोटो त्या एका विभागात.

त्याच टूलमध्ये ‘फॉरमॅट ऑल + डाउनलोड’ असाही पर्याय असतो. नवखे कारागीर तो ‘एकदम साफ होईल’ म्हणून निवडतात आणि फसतात. त्यात एनव्हीरॅम नावाचा छोटा विभागही पुसला जातो. आयएमईआय हा फोनचा ओळख क्रमांक आणि अँटेनाची कारखान्यातली जुळवणी तिथंच असते. फोन झकास सुरू होतो, पण रेंज येत नाही आणि *#०६# केलं की आयएमईआय अवैध असल्याचं दिसतं. मग तो परत लिहायची धडपड सुरू होते. फोनच्या खोक्यावरचाच मूळ क्रमांक परत बसवणं एक, आणि भलताच क्रमांक घालणं दुसरं. हा दुसरा प्रकार गुन्हा आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

फ्लॅश करूनही काही फोन दोन आठवड्यांत पुन्हा त्याच लोगोवर येऊन बसतात. गिऱ्हाईक दुकानदारावर चिडतं, पण दोष बहुधा स्टोरेजच्या चिपचा असतो. १९८० च्या दशकात तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी शोधलेल्या या फ्लॅश स्मृतीत माहिती म्हणजे एका विद्युतरोधक थराआड अडकवून ठेवलेले इलेक्ट्रॉन. लिहिताना आणि पुसताना ते त्या थरातून जबरदस्तीनं आरपार ढकलावे लागतात, आणि दर वेळी थर थोडा झिजतो. काही हजार वेळा पुसलं-लिहिलं की तो इलेक्ट्रॉन धरून ठेवेनासा होतो. स्टोरेज कायम काठोकाठ भरलेल्या स्वस्त फोनमध्ये ही वेळ लवकर येते, कारण मोकळ्या जागेअभावी त्याच त्याच भागांची पुन्हा पुन्हा पुसापुशी होते. अशा फोनला सॉफ्टवेअर कितीही मारा.

आता अनलॉकिंग. सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, त्यात ‘ओईएम अनलॉकिंग’ चालू करायचं, फोन फास्टबूटमध्ये, म्हणजे बूटलोडर लॅपटॉपचं ऐकतो त्या अवस्थेत, नेऊन लॅपटॉपवरून आज्ञा द्यायची. काही कंपन्या मध्ये आपलं खातं, कोड आणि वाट पाहण्याची मुदत घालतात; शाओमीची १६८ तासांची मुदत प्रसिद्ध होती. हुआवेनं २०१८ मध्ये कोड देणंच बंद केलं. आज्ञा मान्य झाली की बूटलोडर एवढंच नोंदवून ठेवतो की इथून पुढं कंपनीची सही नसली तरी अडवायचं नाही. बूट रॉम आणि ई-फ्यूज जिथल्या तिथं असतात. बूटलोडरच्या आधीची तपासणी चालूच राहते, सैल होतो तो त्याच्या पुढचा भाग. फोन सुरू होताना मग नारिंगी रंगाची सूचना काही सेकंद दिसते.

आणि अनलॉक करताना फोन स्वतःहून पूर्ण पुसला जातो. लोकांना हा कंपनीचा खवचटपणा वाटतो. वास्तविक या सगळ्या रचनेतला सर्वात शहाणा निर्णय तोच आहे. समजा गणपतीच्या गर्दीत तुमचा फोन मारला गेला. पॅटर्न चोराला माहीत नाही. डेटा न पुसता अनलॉक करता आलं असतं, तर त्यानं पॅटर्न विचारणारा भागच बदललेली सिस्टीम आत टाकली असती. तीही पळवाट राहू नये म्हणून आणखी एक गाठ मारलेली आहे. आपला डेटा ज्या किल्लीनं सांकेतिक केलेला असतो, ती प्रोसेसरच्या संरक्षित कप्प्यात असते आणि कुलूप बंद की उघडं या अवस्थेशी बांधलेली असते. अवस्था बदलली की जुनी किल्ली चालत नाही. फोटो चिपवर पडून राहिले तरी ते वाचता न येणारा खिचडा असतो. ‘ओईएम अनलॉकिंग’चं बटण चालू फोनच्या आतच ठेवलंय तेही याचसाठी, की पॅटर्न माहीत असलेल्या माणसालाच ते दाबता यावं.

म्हणून ‘डेटा न जाता अनलॉक करून देतो’ असं नव्या फोनबद्दल कुणी छातीठोक सांगत असेल, तर पैसे खिशातच ठेवावेत.

अनलॉक करायचं तरी कशाला? मुख्य कारण एकच, कंपनीनं सोडून दिलेला फोन. हार्डवेअर धडधाकट असतं, अपडेट बंद झालेले असतात. अँड्रॉइडचं कर्नल म्हणजे लिनक्स. त्याच्या परवान्यानुसार फोन विकणाऱ्या कंपनीला आपल्या बदलांसह कर्नलचा सोर्स कोड खुला करावा लागतो. त्याच्या आधारावर स्वयंसेवक नवी सिस्टीम बांधतात. २००९ पासून सायनोजेनमॉड हे काम करत होता, २०१६ च्या अखेरीस तो बंद पडला आणि त्यातूनच लिनिएजओएस उभा राहिला. स्वस्त फोनच्या काही कंपन्या मात्र सोर्स कोड देतच नाहीत, आणि आपल्याकडे खपतात ते बरेचसे तेच फोन.

किंमतही मोजावी लागते. सॅमसंगच्या नॉक्स ही सुरक्षा व्यवस्था असलेल्या फोनमध्ये परकी सिस्टीम घातली की एक ई-फ्यूज जळतो, आणि मग मूळ सिस्टीम परत टाकली तरी सिक्युअर फोल्डरसारख्या सोयी कायमच्या जातात. रोजच्या वापरात जास्त टोचते ती यूपीआयची अडचण. गुगलचं प्ले इंटेग्रिटी नावाचं तंत्र ॲपला कळवतं की या फोनचं कुलूप उघडं आहे, आणि बँकांची बरीच ॲप तिथंच पाय मागे घेतात. त्यांची भीती खोटी नाही. पण वर्षानुवर्षं सुरक्षेचा एकही अपडेट न मिळालेल्या कुलूपबंद फोनवर तेच ॲप बऱ्याचदा बिनतक्रार चालतं आणि ताज्या अपडेटच्या लिनिएजओएसवर अडून बसतं, हा न्याय मला पटत नाही.

दुसरा धोका मागे जाण्याचा. नवी आवृत्ती आवडली नाही म्हणून जुनी टाकावी, असं अनेकांना वाटतं. पण जुन्या आवृत्तीतली उघड झालेली भोकं चोराला उपयोगी पडू नयेत म्हणून फोन संरक्षित जागेत एक आकडा वाढवत जातो, आणि त्याहून लहान आकड्याची सिस्टीम नाकारतो. २०१८ मध्ये शाओमीच्या काही मॉडेलांत हे लागू झालं तेव्हा जुनी सिस्टीम टाकून अनेकांनी आपले फोन ठार केले. दुकानातल्या भाषेत ‘डेड बूट’. लोगो नाही, कंपन नाही, चार्जिंगचं चिन्ह नाही. क्वालकॉमच्या प्रोसेसरचा फोन अशा वेळी लॅपटॉपला जोडला की ‘क्यूडीलोडर ९००८’ एवढंच नाव दिसतं. म्हणजे बूट रॉम जिवंत आहे, त्याला पुढं चालवण्यालायक काही सापडत नाही, आणि तो केबलवरून काही मिळतंय का बघतोय. कारागीर मागचं झाकण काढून बोर्डावरचे दोन टेस्ट पॉइंट चिमट्यानं जोडतात, ते फोनला याच अवस्थेत आणायला. पण इथंही बूट रॉम केबलवरून येणारा पहिला प्रोग्राम कंपनीच्या सहीचाच मागतो. ती फाइल मिळाली तर फोन उठतो, नाही तर बोर्ड बदलायचा.

कुलूप परत लावतानाही हीच गोष्ट आडवी येते. दुसरी सिस्टीम टाकलेल्या फोनवर नुसती लॉकची आज्ञा दिली की झडती पुन्हा पूर्ण सुरू होते, कंपनीची सही सापडत नाही, आणि फोन लाल सूचनेवर थांबतो. आधी कंपनीची मूळ सिस्टीम, मगच कुलूप, हा क्रम चुकवू नये. गुगलच्या पिक्सेलमध्ये मालकाला आपली स्वतःची जाहीर किल्ली फोनमध्ये नोंदवता येते. मग आपल्या सहीची सिस्टीम टाकायची आणि कुलूपही लावायचं; फोन पिवळी सूचना दाखवतो आणि झडती पूर्ण घेतो, फक्त कंपनीऐवजी तुमच्या सहीवर. तंत्र उघड आहे, अँड्रॉइडच्या तपासणीच्या आराखड्यातच त्याची जागा आहे. दहा-बारा हजारांच्या फोनमध्ये ते द्यायला कुणाची हरकत असावी, आणि निदान अपडेट थांबवण्याच्या दिवशी तरी ही सोय का खुली करू नये, हा प्रश्न फोन विकत घेताना काउंटरवर विचारायला हरकत नाही.