फोर्कची रेघ आणि लाकडाची साल

फ्रान्समध्ये ख्रिसमसला ब्यूश द नोएल नावाचा केक असतो, दिसायला थेट लाकडाचा ओंडका. थंडीत सणाच्या रात्री मोठा ओंडका जाळायची जुनी पद्धत होती युरोपात, तोच पुढे केक होऊन टेबलावर आला. पातळ स्पंजचा रोल, वरून चॉकलेट बटरक्रीम, त्यावर फोर्क ओढला की साल तयार! पण ती रेघ तशीच राहते कशी? मधावर ओढून बघा, लगेच भरून येते.

सगळी गंमत बटरच्या फॅटमध्ये आहे. बटरमध्ये साधारण ८०-८२ टक्के फॅट, उरलेलं बहुतेक पाणी. आणि हे फॅट एकाच प्रकारचं नसतं, काही फ्रीजच्या गारठ्यातही पातळ राहतं, काही पार ३० अंशांच्या पुढे जाईपर्यंत घट्ट, त्यामुळे १८-२० अंशांना बटर म्हणजे बारीक स्फटिकांचं जाळं आणि त्यात अडकलेलं तेल असा मामला असतो. फेटल्यावर त्यात हवेचे बुडबुडे आणि साखर येते, पण आकार धरून ठेवायचं मुख्य काम जाळ्याचंच.

स्वतःच्या वजनाने हे जाळं तुटत नाही, म्हणून क्रीम ओघळत नाही. फोर्कचा जोर एका मर्यादेपलीकडे गेला की तेवढ्याच जागी जाळं मोडतं, क्रीम बाजूला सरकतं आणि फोर्क पुढे गेला की पुन्हा जागच्या जागी थांबतं. असं वागणाऱ्या पदार्थाला बिंगहॅम प्लॅस्टिक म्हणतात, अमेरिकन केमिस्ट यूजीन बिंगहॅमच्या नावावरून. त्याने आणि हेन्री ग्रीनने १९१९ मध्ये दाखवलं होतं की ऑइल पेंटसुद्धा नुसता दाट द्रव नसून असाच वागतो, थोडा जोर लावून काही होत नाही, पुरेसा लावला की सरकतो. आता रंगाचं आणि केकचं नातं कोणाच्या डोक्यात येईल, पण आहे खरं.

आपल्याकडे घोळ होतो तो तापमानाचा. ३० अंशांच्या खोलीत बहुतेक स्फटिक वितळलेले असतात आणि ३५ च्या आसपास तर काहीच उरत नाही, मग सालीच्या जागी नुसता चॉकलेटी थर. एप्रिल-मेमध्ये एसी नसेल तर केक अधूनमधून फ्रीजमध्ये ठेवूनच रेघा ओढाव्या लागतात. फार गार झालं की फोर्कने क्रीम फाटतं, कडा खरखरीत होतात, आणि मला विचाराल तर त्याच साली जास्त खऱ्या वाटतात!

कारण खऱ्या झाडाची साल असल्याच फाटण्याने बनते. खोड आतून जाड होत जातं, वाढणाऱ्या पेशींचा थर सालीखाली असतो, पण बाहेरची साल मेलेली, तिला ताणता येत नाही, मग ती उभी चिरते. म्हणून रेघा सरळ स्केलने आखल्यासारख्या नकोत, कुठे तुटलेल्या, कुठे एकमेकींत मिसळलेल्या हव्यात.

रोल कापला की टोकाला वलयं दिसतात, त्यांना सगळे वर्षवलयं म्हणतात. पण खऱ्या खोडात प्रत्येक वलय वेगळं, स्वतःपुरतं बंद. रोलमध्ये एकच सलग वेटोळं. बॉटनी शिकलेला पाहुणा येणार असेल तर ती बाजू सरळ क्रीमने झाकून टाका.