प्लेटचे तापमान आणि बोर्डचे तापमान
"कंट्रोलर बरोबर २२० अंश दाखवतो, तरीही पेस्ट वितळत नाही," ही तक्रार घरी हॉटप्लेटवर रिफ्लो करणाऱ्यांकडून, म्हणजे सर्किट बोर्डवर सोल्डर पेस्ट लावून आणि तो तापवून सुटे भाग जोडणाऱ्यांकडून, मी इतक्यांदा ऐकली आहे की हा घोळ एकदा नीट सोडवणे आवश्यक वाटते.

प्लेटचे तापमान सर्वांच्या परिचयाचे आहे: प्लेटमध्ये बसवलेला के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) जे सांगतो आणि पीआयडी (हीटर कमी-जास्त करून तापमान राखणारी नियंत्रण पद्धत) जे सांभाळतो, ते. (चकचकीत ॲल्युमिनियमवर इन्फ्रारेड थर्मामीटर रोखून ते मोजणे कृपया थांबवावे, असा धातू फार कमी प्रारण सोडतो, म्हणून आकडा बराच कमी येतो.) सोल्डरचा संबंध मात्र पॅडच्या, म्हणजे बोर्डवर भाग जिथे जोडले जातात त्या धातूच्या ठिपक्यांच्या, तापमानाशी असतो. शिसेयुक्त ६३/३७ मिश्रण १८३ अंशांना वितळते, तर शिसेविरहित एसएसी३०५ हे २१७ अंशांना वितळू लागते.

येथवर बहुतेकांना पटते. पुढे ते दोन्हींतला फरक एकदाच मोजतात, समजा तो २० अंश येतो, आणि प्रत्येक सेटपॉइंटमध्ये (कंट्रोलरला दिलेल्या लक्ष्य तापमानात) २० मिळवून मोकळे होतात. खरी चूक येथे आहे, कारण हा फरक स्थिर नसतो. एफआर-४ (ज्यापासून बोर्ड बनतो ते काचतंतू-इपॉक्सी साहित्य) उष्णतेचा मंद वाहक आहे आणि बोर्डखाली हवेचा पातळ थरही राहतो; त्यामुळे प्लेट वेगाने तापताना बोर्ड बराच मागे पडतो आणि प्लेट एका तापमानावर स्थिरावली की तो हळूहळू अंतर कापत येतो. सोकच्या (तापमान काही वेळ जवळपास स्थिर ठेवण्याच्या टप्प्याच्या) शेवटी मोजलेला फरक वेगवान चढणीला लावला, तर जोड थंड राहतात. चढणीवरचा मोठा फरक शिखरावर धरून ठेवला, तर बोर्ड करपतो.

थर्मोकपल बोर्डवर चिकटवून त्यावरच पीआयडी चालवण्याचा उपाय मला मान्य नाही. बोर्डचा प्रतिसाद येईपर्यंत हीटर पूर्ण क्षमतेने चालत राहतो, आणि जाड प्लेटमध्ये साठलेली उष्णता काढून घेण्याचे साधन कंट्रोलरकडे नसते. नियंत्रण प्लेटवरच ठेवावे. तशाच एका टाकाऊ बोर्डवर दुसरा, बारीक तारेचा थर्मोकपल पॉलिइमाइड टेपने पक्का बसवून संपूर्ण प्रोफाइल (वेळेनुसार ठरवलेले तापमानाचे टप्पे) चालवावे आणि बोर्डचा वक्र हवा तसा येईपर्यंत प्लेटचे सेटपॉइंट बदलत जावे. १.६ मिलिमीटरच्या बोर्डसाठी जमवलेले सेटपॉइंट ०.८ मिलिमीटरच्या बोर्डला लावू नयेत. पातळ बोर्ड प्लेटच्या मागे कमी राहतो आणि त्याच प्रोफाइलमध्ये अधिक तापतो.