बॉयलर चांगलाच आहे हो, पण पाणी कुठलं चाललंय ते आधी सांगा (आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

सोलापुरातले डाइंगवाले, लाँड्रीवाले, दवाखाने, डेअरी आणि अक्कलकोट रोड, चिंचोली एमआयडीसीतले आमचे सगळे ग्राहक, हे तुमच्यासाठी. दर उन्हाळ्यात मार्च-एप्रिल उजाडला की आमचा फोन थांबत नाही आणि दहातले बरेच फोन एकाच गोष्टीचे असतात, वाफ कमी पडतेय, डिझेल जास्त खातंय, पंपाचा आवाज बदललाय, आणि शेवटी एक वाक्य ठरलेलं, "अहो थरमॅक्सचा आहे, त्याला काय व्हायचंय?" यामागे बऱ्याचदा पाणीच असतं, म्हणून म्हटलं एकदाचं सविस्तर लिहूनच टाकावं, म्हणजे फोनवर तेच तेच बोलायला नको आणि तुमचाही वेळ वाचेल.

आधी एक स्पष्ट करतो, आम्ही थरमॅक्स या बॉयलरच्या कंपनीचे डीलर नाही की त्यांचे नोकर नाही. सगळ्या मेकचे छोटे बॉयलर, सॉफ्टनर (पाणी मऊ करायची टाकी), पंप बघतो. पण आपल्या भागात हे नाव एवढं चालतं की लोक दुसऱ्याच्या बॉयलरलापण थरमॅक्सच म्हणतात, आणि कंपनी परदेशी का आपली हा प्रश्नही कायम असतो, तर तेवढं सांगून टाकतो, कारण त्यातच तुमच्या पाण्याच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

कंपनी आपल्या पुण्याची. चिंचवडला गेलात तर थरमॅक्स चौकच आहे, रिक्षावाल्याला पत्ता सांगावा लागत नाही. ए. एस. भाथेना म्हणून पारशी गृहस्थ, दवाखान्यातल्या स्टरलायझरच्या धंद्यातले, त्यांनी 1966 ला बेल्जियमच्या वॅन्सन कंपनीबरोबर वॅन्सन इंडिया काढली, आणि बनवायचे काय तर छोटे कॉइलवाले (वेटोळ्या नळीचे) बॉयलर. म्हणजे आज तुमच्या शेडमध्ये कोपऱ्यात जो उभा आहे त्याच जातीचे. पुढे त्यांचे जावई रोहिंटन आगा यांनी कारभार हातात घेतला, 1980 ला नाव थरमॅक्स झालं, 1995 ला शेअर बाजारात आली. 1996 ला रोहिंटन गेले आणि त्यांच्या पत्नी अनु आगा अध्यक्ष झाल्या, मधे 2000-01 ला कंपनी तोट्यातपण गेली होती, तेव्हा मूळ कामाशी न जुळणारे धंदे बंद करून परत रुळावर आणली, आणि 2004 पासून त्यांची मुलगी मेहेर पदमजी अध्यक्ष आहेत. 2010 मधे डेन्मार्कची डॅनस्टोकर ही जुनी बॉयलर कंपनी विकत घेतली, शिरवळला वीज केंद्रांच्या मोठ्या बॉयलरचा कारखाना आहे, इंडोनेशियात आहे, आज उलाढाल नऊ-दहा हजार कोटींच्या घरात. छोट्या कॉइलवरून सुरू होऊन इथवर. मराठी माणूस शेअरचा भाव बघतो, आम्ही मात्र वेगळंच बघतो.

आम्ही काय बघतो तर कंपनी वाढली कुठल्या क्रमाने. आधी वाफेचा बॉयलर, मग गरम तेलाचा थर्मिक फ्लुइड हीटर, मग चिमणीतला धूर आणि राख पकडायची यंत्रं, आणि त्याबरोबर पाण्याची ट्रीटमेंट, केमिकल, आणि चक्क सॉफ्टनरमधे घालायचं रेझिन, म्हणजे पाण्यातला चुना पकडणारे मणी. टल्सियन नावाचं रेझिन ऐकलं असेल, ते त्यांचंच, रायगड जिल्ह्यात पौधला त्याचा कारखाना आहे. आता विचार करा, लोखंडाचं काम करणाऱ्या कंपनीला ते पिवळसर बारीक मणी बनवत बसायची काय गरज होती? आमच्या मते कारण सरळ आहे, बॉयलर विकला की त्यामागून पाण्याचा प्रश्न येतोच, मेक कुठलाही असो. जी कंपनी स्वतः बॉयलर बनवते ती पाण्यावर एवढा मोठा धंदा उभा करते, आणि आपण मात्र सॉफ्टनरला "ती मिठाची टाकी" म्हणून शेडच्या मागे टाकून देतो.

आता मुद्द्यावर येतो. चूक एकच आहे, पाणी बदलतं आणि मीठ मारायचं (मिठाच्या पाण्याने रेझिन धुऊन परत ताजं करायचं) वेळापत्रक तेच राहतं.

पावसाळ्यात-हिवाळ्यात तुमच्याकडे उजनीचं नळाचं पाणी किंवा हलक्या बोअरचं पाणी चालतं, आम्ही येऊन सॉफ्टनर सेट करून देतो, ऑपरेटरला सांगतो दर दोन दिवसांनी मीठ मार, तो इमानदारीने मारतो. मग उन्हाळा येतो, नळ चार-पाच दिवसाआड, बोअर खाली गेलेला, टँकर सुरू. टँकरवाला आज या विहिरीतून भरतो उद्या त्या बोअरमधून, त्याला विचारलं तर म्हणतो गोडं पाणी आहे साहेब. पिऊन गोडं लागलं म्हणजे हार्डनेस (पाण्यातले चुन्यासारखे क्षार) कमी असं नसतं हो. आपल्या काळ्या खडकातल्या बोअरचं पाणी प्यायला छान लागतं आणि बॉयलरमधे जाऊन चुना धरतं.

एक हिशोब मांडून दाखवतो, ढोबळ आहे पण डोक्यात राहील. समजा तुमच्या सॉफ्टनरमधे 50 लिटर रेझिन आहे. एक लिटर रेझिन साधारण 50 ग्रॅम हार्डनेस पकडतं, म्हणजे एकदा मीठ मारलं की अडीच किलो पकडायची ताकद. पाण्याची हार्डनेस 250 पीपीएम (लिटरला 250 मिलिग्रॅम) असेल तर एका मिठात 10 हजार लिटर मऊ पाणी निघतं. 600 किलोचा बॉयलर (तासाला 600 किलो वाफ देणारा) आठ तास फुल चालला, कंडेन्सेट (वाफ गार होऊन झालेलं पाणी) परत येत नसेल, तर दिवसाला 4,800 लिटर पाणी पितो, म्हणजे दोन दिवस आरामात जातात. बरोबर चाललंय. आता टँकर आला 700 पीपीएमचा. तेच रेझिन, तेच मीठ, आता पाणी निघणार फक्त साडेतीन हजार लिटर. पहिल्याच दिवशी शिफ्ट संपायच्या आत रेझिन भरलं, पुढचं सगळं पाणी जसं आलं तसं बॉयलरमधे. दोन दिवसांचं मिळून 6 हजार लिटर कच्चं पाणी, त्यात चार किलोच्या वर हार्डनेस. सगळी काय कॉइलला चिकटत नाही, थोडी ब्लोडाऊनमधून (बॉयलरमधलं क्षाराचं पाणी बाहेर सोडतात त्यातून) जाते, पण जेवढी चिकटते तेवढी पुरते. आणि ऑपरेटरच्या वहीत मात्र सगळं बरोबर लिहिलेलं असतं, मीठ मारले, मीठ मारले, मीठ मारले.

कॉइलच्या बॉयलरला हे जास्त लागतं हे लक्षात घ्या. मोठ्या शेलच्या बॉयलरमधे पाण्याचा साठा असतो, थोडं सोसतं. कॉइलवाल्यात पाणी अगदी कमी, म्हणून तर पाच-सात मिनिटांत वाफ येते आणि म्हणूनच 25 लिटरपेक्षा कमी पाण्याचा असेल तर तो आयबीआरच्या (सरकारी बॉयलर नियमांच्या) तपासणीत येत नाही. त्यावरून काही लोक समजतात की नॉन-आयबीआर म्हणजे मेंटेनन्स नको. अहो उलट आहे, नळी बारीक, आत थर बसला की पाणी जायला जागा कमी आणि बाहेरून ज्वाळा तेवढीच, नळीचं लोखंड तापत जातं, मग फुगतं, मग फुटतं. इन्स्पेक्टर येत नाही म्हणजे बघायचं काम तुमच्यावर आलं.

फुटायच्या आधी तो सांगतो, फक्त बघणारा पाहिजे. फीड पंपाचं प्रेशर गेज हळूहळू वर जायला लागतं आणि वाफेचं प्रेशर तेवढंच असतं, म्हणजे पाणी ढकलायला जोर लागतोय. दुसरं म्हणजे चिमणीचं टेम्परेचर. नेहमी 220 दाखवणारा काटा 260 ला गेला की उष्णता पाण्यात न जाता आकाशात चाललीय. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या पुस्तकात दिलंय की चिमणीचं टेम्परेचर 22 डिग्री वाढलं की साधारण एक टक्का एफिशियन्सी जाते, आणि पाण्याच्या बाजूला एक मिलिमीटर थर बसला तर इंधन पाच ते आठ टक्के जास्त जाऊ शकतं. तुमचं महिन्याचं डिझेलचं बिल काढा आणि त्याचे पाच टक्के करून बघा, मग आमच्या टेस्ट किटची किंमत विचारा. (काजळीनेपण चिमणी तापते, म्हणून काटा वर गेला की लगेच पाण्यालाच दोष देऊ नका, बर्नर आणि काजळी आधी बघून घ्या.)

किट म्हणजे काही लॅब नाही. एक छोटी बाटली, एक इंडिकेटर, एक द्रावण. सॉफ्टनरच्या आऊटलेटचं पाणी घ्यायचं, इंडिकेटर टाकायचा, निळा रंग आला तर मऊ, वाइनसारखा लालसर आला तर कठीण. दोन मिनिटं लागतात. सकाळी चालू करताना एकदा आणि जेवणाच्या सुट्टीनंतर एकदा, टँकर रिकामा झाला की परत एकदा. लाल दिसलं की वेळापत्रक बघायचं नाही, मीठ मारायचं. 50 लिटर रेझिनला साधारण 8 किलो मीठ, 80 लिटर पाण्यात नीट विरघळवून, आधी बॅकवॉश द्यायचा (खालून वर उलटं पाणी सोडून रेझिन धुवायचं), मग मिठाचं पाणी सावकाश वीस-पंचवीस मिनिटं जाऊ द्यायचं, मग निळा रंग येईपर्यंत रिन्स. घाईत पाच मिनिटांत सोडून दिलं तर मीठ गटारात जातं आणि रेझिन तसंच राहतं. स्वच्छ खडे मीठ वापरा, माती असलेलं स्वस्तातलं आणू नका. आणि मीठ मारताना उघडलेला बायपास व्हॉल्व्ह (सॉफ्टनर टाळून कच्चं पाणी सोडणारा) परत बंद करा रे बाबांनो, हे ऑपरेटरला मराठीत, कन्नडमधे, हिंदीत सांगून झालंय.

आता "ॲसिड मारून द्या ना" यावर. हार्डवेअरच्या दुकानातलं फरशी धुवायचं ॲसिड आणून कॉइलमधे फिरवायला आम्ही नकार देतो, त्यावरून एक-दोन जण रागावलेत पण आमचा नाईलाज आहे. ते ॲसिड थराबरोबर लोखंडपण खातं. डीस्केलिंग (थर काढायचं काम) करायचं तर इनहिबिटर (लोखंड वाचवणारं औषध) घातलेलं केमिकल, मोजून, मोजलेल्या वेळेपुरतं, नंतर न्यूट्रल करून, यात अख्खा दिवस जातो आणि बॉयलर बंद राहतो. आमचं बिल तुम्हाला मोठं वाटतं ते म्हणून. आणि डीस्केलिंग करून पाणी तेच राहिलं तर पुढच्या उन्हाळ्यात परत तेच, म्हणून आम्ही कामाला यायच्या आधी पाण्याचा नमुना मागतो. लोकांना वाटतं हे टाळाटाळ करतायत. तसं नाही, नमुना न बघता कॉइल उघडली तर आजार तसाच राहतो आणि बिल तेवढं होतं.

आणखी एक प्रश्न हल्ली येतो, वाफेवर एसी चालतो म्हणे, आपल्याला बसेल का? चालतो, थरमॅक्स तेपण बनवतं, आंध्रात श्रीसिटीला त्याचा कारखाना आहे. व्हॅक्यूममधे पाणी चार-पाच डिग्रीलाच उकळतं आणि गारवा करतं, ती वाफ लिथियम ब्रोमाइड शोषून घेतं, मग उष्णता देऊन दोघांना परत वेगळं करायचं, असं ते चक्र. कॉम्प्रेसर नाही, वीज अगदी थोडी. पण ते जिथे वाफ किंवा उष्णता फुकट वाया जातेय तिथे परवडतं, साखर कारखाना, मोठी डेअरी, जनरेटरचा गरम धूर. डिझेल जाळून वाफ करून त्यावर ऑफिस गार करायचं म्हणाल तर आम्हीच नको म्हणू.

रेझिन चार-पाच वर्षं झालं असेल, मीठ बरोबर मारूनही पाणी लवकर लाल येत असेल तर रेझिन तपासून घ्या, बदलायचं असेल तर आमच्याकडे मिळतं, कुठलं हवं ते सांगा, टाकून सेट करून देतो. ज्यांचा वार्षिक करार आहे त्यांना फेब्रुवारीत एक जादा व्हिजिट करारातच असते, त्यात किट चेक करणं आणि ऑपरेटरला परत शिकवणं आलं. ज्यांचा करार नाही त्यांनी निदान टँकर सुरू होतोय एवढं व्हॉट्सॲपवर कळवा.

नमुना आणताना पाण्याची स्वच्छ बाटली घ्या, कोल्ड्रिंकची नको, त्याच पाण्याने दोनदा विसळून काठोकाठ भरा, आणि दोन बाटल्या करा, एक सॉफ्टनरच्या आधीची एक नंतरची. वर पेनाने लिहा कुठलं पाणी, कुठली तारीख, मीठ कधी मारलं होतं. हार्डनेस आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) आम्ही आमच्या ग्राहकांना फुकट बघून देतो, सकाळी दिली तर संध्याकाळपर्यंत आकडा आणि नवीन मिठाचं वेळापत्रक दोन्ही पाठवतो.