प्रतिध्वनी आणि निनाद: डोंगरातल्या मैफलीची जागा निवडताना

नाशिकजवळ अंजनेरीच्या कड्याखाली किंवा ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी शास्त्रीय गाण्याची मैफल करायचं ठरलं की जागा बघायला गेलेल्यांपैकी कुणीतरी टाळी वाजवतंच. कड्यावरून ती परत आली की सगळे खूश होतात, ‘काय आवाज घुमतो इथे!’ पण परत आलेली टाळी हा प्रतिध्वनी, आणि घुमतो तो निनाद. गाण्याला निनाद हवा असतो. प्रतिध्वनी बहुतेक वेळा गाण्याच्या मुळावरच येतो.

दोन्ही होतात आवाजाच्या परावर्तनामुळेच, फरक पडतो तो वेळेचा. ऐकलेला आवाज साधारण ०.१ सेकंद आपल्या मेंदूत टिकून राहतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४४ मीटर जातो. म्हणजे जाणं-येणं दोन्ही धरून समोरचा कडा १७ मीटरहून लांब असेल, तर परतलेला आवाज सुटा ऐकू येतो. तो प्रतिध्वनी. भिंती, छत, खांब जवळ असले आणि आवाज त्यांच्यावर पुन्हा पुन्हा आपटत राहिला, की सगळं एकमेकांत मिसळतं आणि गाणारा थांबला तरी सुराची आस मागे राहते. तो निनाद.

खरी पंचाईत होते तबल्याची. कडा ८६ मीटरवर असेल तर आवाजाला जाऊन यायला अर्धा सेकंद लागतो. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर एक मात्राही अर्ध्याच सेकंदाची. म्हणजे पहिला ‘धा’ परत येतो तो नेमका पुढच्या ‘धिं’वर! कडा थोडा अलीकडे-पलीकडे असला तर बोल दोन मात्रांच्या फटीत येऊन पडतो, ते त्याहून वाईट. द्रुत तान तर स्वतःच्याच सावलीत अडकते. म्हणून जागा बघायला जाताना तबलावादकाला बरोबर न्यावं आणि त्याच्याकडून तीनताल वाजवून घ्यावा.

निनाद अनुभवायचा तर नाशिकच्या पांडवलेण्यांत जावं. तिथल्या १८ क्रमांकाच्या चैत्यगृहात, खांबांच्या रांगांमध्ये उभं राहून हलकेच षड्ज, म्हणजे ‘सा’, लावला की दगडी कमान तो सहज सोडत नाही. आलाप आणि मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणं) अशा जागी फुलतात. मात्र निनादही प्रमाणात हवा. जास्त झाला तर तानेतले स्वर एकमेकांत कालवले जातात, बंदिशीचे शब्द कळत नाहीत.

हे प्रमाण मोजायची रीत हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी घालून दिली. १८९५ च्या सुमारास एका व्याख्यानगृहात शब्द कळत नसत म्हणून त्यांनी तिथे खुर्च्यांच्या गाद्या आणून ठेवल्या आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजलं. आवाज ६० डेसिबलने उतरायला लागणारा वेळ म्हणजे निनादकाळ. पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या सभागृहात तो दोन सेकंदांच्या आसपास ठेवतात, भाषणाला एक सेकंदसुद्धा जास्त होतो. ख्यालाला, माझ्या मते, या दोन्हींच्या मधला मानवतो.

अमेरिकेत युटा राज्यात १९९२ पासून मोआब संगीत महोत्सव होतो. त्यातल्या काही मैफली कोलोरॅडो नदीकाठच्या खडकाच्या कपारीत होतात. श्रोते बोटीने जातात, पियानोसुद्धा बोटीनेच येतो आणि ध्वनिवर्धक लागत नाही. वादकांच्या अगदी जवळ खडक असल्याने परावर्तित आवाज मूळ आवाजाला जोर देतो. आपल्याकडच्या बेसॉल्टच्या कड्यांनाही हेच लागू आहे. कलाकारांची पाठ कड्याकडे हवी, आणि कडा जवळ हवा. श्रोत्यांच्या मागे लांबवर उभा कडा असेल तर ती जागा सोडलेली बरी.

गंगापूर धरणाच्या मोकळ्या काठावर प्रतिध्वनी आणि निनाद दोन्ही नसतात. आवाज जातो तो जातोच, आणि गायक नकळत जोर लावून थकतो. तिथे साउंडवाल्याला ‘थोडा इको वाढवा’ असं सांगितलं जातं, पण हवा असतो रिव्हर्ब, म्हणजे निनाद. त्याने खरंच इको, म्हणजे प्रतिध्वनी, चढवला तर प्रत्येक तान दोनदा ऐकू येते. मागच्या श्रोत्यांसाठी लांब लावलेले स्पीकरही हाच घोटाळा करतात. मंचापासून ३४ मीटरवर स्पीकर असेल तर तो तारेतून लगेच वाजतो, पण मंचाचा आवाज तिथे सुमारे ०.१ सेकंद उशिरा पोहोचतो. तेव्हा मागच्या स्पीकरला तेवढाच डिले (आवाज मुद्दाम उशिरा सोडणं) लावून घ्यायला साउंडवाल्याला आधीच सांगून ठेवावं.